नळीतलं पाणी

चष्म्याचा स्क्रू दुसऱ्यांदा त्याच्या बोटांतून निसटला तेव्हा समोर बसलेली मुलगी हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. त्यानेही हसून वेळ मारून नेली असती, वय झालं बघा आता, असं काहीतरी म्हणाला असता. ती नुसती पुढे वाकली, काउंटरच्या काचेवरून तो तिळाएवढा स्क्रू तिने नखावर उचलला आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "काका, मी लावू का?" आणि लावलाही, त्याच्याच छोट्या पेचकसाने. त्याने तिचे आभार मानले, जणू दुकान तिचं होतं आणि गिऱ्हाईक तो. आत्ताच्या मालकाचे वडील गल्ल्यावर बसायचे तेव्हापासून तो त्या काउंटरमागे होता. माणसाचा एक कान वर आणि एक खाली असतो हे ज्याचं त्याला ठाऊक नसतं, ते त्याला ठाऊक असायचं. चष्मा सरळ बसवायचा तर दांडी वाकडी करावी लागते, हा त्याचा ठेवणीतला विनोद होता आणि तो रोज कुणाला तरी ऐकवल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. मुलगी गेल्यावर त्याने उजवा हात काउंटरखाली मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडे पाहिलं. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासत होती, पिठाची गोळी वळावी तशी. थांब, असं तो मनात म्हणाला. हात थांबला. मग त्याचं लक्ष रस्त्यावरून जाणाऱ्या बसकडे गेलं आणि हात आपला पुन्हा सुरू झाला.

कंटाळा आला, असं त्याने घरी सांगितलं. नोकरी सोडतो, तुझ्या गावी जाऊन राहू, घर कुलूप लावून पडलंच आहे. बायको हातातलं लाटणं तसंच धरून बघत राहिली. लग्न झाल्यापासून या माणसाने तिच्या माहेरी एका वेळी दोनपेक्षा जास्त रात्री कधी काढल्या नव्हत्या. सुकत घातलेल्या मासळीचा वास डोक्यात जातो म्हणून तो तिथे ओसरीवरही बसत नसे. "तुम्ही? तिथे?" ती म्हणाली. "नाकाला रुमाल बांधून राहणार आहात का?" तो म्हणाला, "सवय होते माणसाला." एरवी एका वाक्यावर तीन वाक्यं ऐकवणारी बाई त्या दिवशी पोळ्या करून गप्प झाली, आणि हे त्याच्या लक्षात आलं नाही, कारण तो उजवा हात खिशात कसा ठेवायचा या विचारात होता. डॉक्टरकडे तो गेला नव्हता. डॉक्टर काय, एक नाव देणार. आणि एकदा नाव पडलं की ती गोष्ट घरात राहायला येते, जेवायला बसते, पाहुणे तिची चौकशी करतात.

गाव जुनं होतं आणि आपण जुने आहोत हे आता गावाला कळलं होतं. गल्लीच्या तोंडाशी माहितीचा फलक लागला होता, सुट्टीच्या दिवशी लोक येऊन निळ्या दारांचे फोटो काढत, आणि घराच्या खिडकीला कुठला रंग लावायचा हे एक जतन समिती ठरवत असे. खऱ्या होड्या धक्क्याला चारदोनच उरल्या होत्या. सासऱ्यांचं घर गल्लीच्या शेवटी, दगडी, ठेंगणं. मागे समुद्राच्या भिंतीपर्यंत उतरत गेलेलं आवार. मागची खोली वल्ही, शिडं, जाळ्यांची बुचं, कंदील आणि डांबराच्या वासाने गच्च भरलेली होती. बायको म्हणाली, आवारात एक लाकडी शेड टाकू, बाबांचं सगळं सामान तिथे नेऊ, मग खोली मोकळी होईल. समितीने परवानगी दिली ती अटी घालून: शेड भिंतीपेक्षा उंच नको आणि काँक्रीट नको. म्हणजे चौथरा करायचा तो जुन्या रीतीने. जमीन खणून खडी धुमसायची, त्यावर वाळू, वाळूवर दगडी फरश्या. सुताराला आणि गवंड्याला बोलावते, असं ती म्हणाली तेव्हा तो जवळजवळ ओरडलाच, "कशाला? चौथरा मी करतो. एकटा करतो." त्याने मनाशी एक पैज लावली होती, आणि ती स्वतःशीच असल्यामुळे फार कडक होती. स्वतःच्या हाताने चौथरा बिनचूक पातळीत बसवला, तर हाताला काही झालेलं नाही. मग डॉक्टर नको, सांगणं नको, काही नको. नाही बसला तर काय, हे त्याने ठरवलं नव्हतं.

पहिले काही दिवस बरे गेले. खणताना हात थरथरत नाही हे त्याला कळलं आणि तो हरखून गेला. कुदळ वर गेली की हात शहाण्यासारखा वागे, खाली आली की शहाण्यासारखा वागे. खाऱ्या मातीत शिंपल्यांचे तुकडे निघत, जाळ्याला लावायची मातीची वजनं निघत, डांबराचे गोळे निघत; तो ते भिंतीवर मांडून ठेवी. चारही कोपऱ्यांना त्याने खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली, दोन्ही कर्ण मोजले, गुण्या लावून काटकोन पाहिले. मग खुंट्यांवर सरळ फळी ठेवून तिच्यावर पाणसळ ठेवली, काचेच्या नळीतला बुडबुडा दोन रेघांच्या मध्ये आला की झालं. बुडबुडा किंचित डावीकडे होता. म्हणजे डावी खुंटी केसभर वर. एक हलका ठोका पुरे. त्याने हातोडी उचलली, हलका ठोका द्यायचा म्हणून हात हवेत थांबवला, आणि थांबवल्याबरोबर तो सुरू झाला. ठोका पडला तो हलका पडला नाही. खुंटी बोटभर खाली गेली. वर ओढून पाहिली तर ढिली झाली, हलायला लागली. मग त्याने विचार केला की हिला वर कशाला आणायची, बाकीच्या तिघी खाली घेऊ. तिघींपैकी एक पुन्हा जास्त खाली गेली. मग इतर तिघी तिच्यासाठी. असं करत करत खुंट्या मातीला टेकल्या, तेव्हा त्याने माती आणखी खणली आणि नव्याने सुरुवात केली. दोष जमिनीचा आहे हे त्याने मनाशी पक्कं केलं होतं. ही जमीन मुळातच उताराची, भुसभुशीत, कुणी कधी हिला सरळ पाहिलेलंच नाही.

शेजारी होड्यांचा म्हातारा सुतार राहायचा. होड्या बांधणं संपल्यापासून त्याच्याकडे वेळच वेळ होता आणि तो सगळा तो कुंपणाच्या भिंतीवर कोपरं टेकून खर्च करत असे. हा गावचा जावई, म्हणून लहानथोर सगळे याला जावईबापूच म्हणत. "जावईबापू," सुतार म्हणाला, "शेड बांधताय की विहीर?" खड्डा तोवर गुडघ्याला आला होता. "पाणी लागलं तर एक हंडा आम्हालाही द्या." तो म्हणाला, "खारं लागेल." "असू द्या, मीठ तरी वाचेल," सुतार म्हणाला आणि आपल्याच बोलण्यावर खोकेपर्यंत हसला. मग त्याची नजर खड्ड्यातल्या खुंट्यांवर गेली. हसणं थांबलं, आणि तो भरतीची वेळ सांगायला लागला. हे असं थांबणं त्याला अलीकडे फार दिसायला लागलं होतं. लोक बोलता बोलता एके ठिकाणी थांबत आणि विषय बदलत. का आपल्यालाच तसं वाटतं? त्याने हात मातीत खुपसला, जणू काही शोधतो आहे.

आवारात बसून त्याला सासरे आठवत. नवा जावई म्हणून पहिल्यांदा आला तेव्हा ते इथेच बसलेले होते, भिंतीपाशी एका चपट्या दगडावर, समुद्राकडे पाठ करून. मांडीवर जाळं. त्याने वाकून नमस्कार केला तर मान न उचलता म्हणाले, "बसा." त्यापुढे एक शब्द नाही. पुढे कधीही आला तरी तोच दगड, तीच पाठ, तेच "बसा." मोठा ताठ माणूस आहे, असं त्याने मनात लिहून ठेवलं. बायकोला एकदा विचारलंही होतं, तुझे वडील तुझ्याशीसुद्धा बोलताना दिसत नाहीत, काय भांडण आहे का? ती म्हणाली होती, डोळे गेले त्यांचे, होडी सुटली, तेव्हापासून असेच. चष्म्याच्या दुकानातला माणूस तो, लगेच म्हणाला होता, दाखवायला हवे होते वेळेवर. ती म्हणाली, हो. तिने तेव्हा ते "हो" कसं म्हटलं होतं हे त्याला आता, इतक्या वर्षांनी, हातात फावडं धरून, आठवायला लागलं. आणि माणूस मान का उचलत नाही, याची कारणं ताठपणापेक्षा वेगळी असू शकतात हेही. आंधळा होत चाललेला माणूस समोरच्याच्या तोंडाकडे कशाला बघेल? आपण हात खिशात ठेवतो, त्यांनी मान खाली ठेवली.

तो दगड अजून तिथेच होता. चांगला लांबरुंद, बसून बसून गुळगुळीत झालेला. फरशी म्हणून अगदी झकास, दाराशी पहिल्या पायरीसारखा बसवावा, असं त्याच्या डोक्यात आलं. पहारेने उचकटून तो सरकवत होता तेव्हा बायको मागच्या दारात आली. "तो नको," ती म्हणाली. "का? फुकट पडून आहे." "तो दगड चौथऱ्यात नको. होता तिथे ठेवा." "अगं, एवढा सपाट दगड विकत घ्यायला गेलं तर मिळणार नाही." "नको म्हटलं ना!" तिचा आवाज असा चिरकला की भिंतीपलीकडे सुताराचं खोकणंही थांबलं. तो चिडला. चिडायला त्याला काहीतरी हवंच होतं. "इथे प्रत्येक गोष्टीला हात लावायची चोरी! समितीचं ऐका, तुझं ऐका. मी काय गडी आहे इथे?" बोलता बोलता त्याने हात उडवला आणि तो तसाच हवेत राहिला, दोघांच्या मध्ये, थरथरत. त्याने तो झटक्यात खाली घेतला. ती दुसरीकडे बघत होती. समुद्राकडे बघत होती. तिने पाहिलं नाही, असं त्याने स्वतःला सांगितलं, आणि ते फार सहज पटलं. दगड त्याने ढकलून जागेवर लोटला. त्या संध्याकाळी चहा आला तो नेहमीसारखा जाड कानाच्या मगमधून, अर्धाच भरलेला. त्याने तो दोन्ही हातांनी प्यायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाला एक पारदर्शक नळीचं भेंडोळं लटकवलेलं होतं. सुतार ओरडला, "पाणी भरा नळीत. दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर राहतं, ते खोटं बोलत नाही. आम्ही होड्यासुद्धा यावरच बांधल्या. फक्त दुसऱ्या टोकाला माणूस लागतो." "मी एकटाच करतो आहे," तो म्हणाला. "मग कठीण आहे," सुतार म्हणाला आणि आत निघून गेला. पाणसळीचा नाद त्याने त्या सकाळी सोडला होता हे खरं; बुडबुडा दिसू नये म्हणून ती पालथी घालून ठेवली होती. नळी त्याने भरली. एक टोक भिंतीपाशी काठीला बांधलं, दुसरं घेऊन खड्ड्याच्या पलीकडे गेला. इथलं पाणी किती वर आहे हे पाहिलं, तिथलं पाहायला धावत गेला, तोवर इथलं टोक खाली घसरून नळीतलं पाणी भडाभडा वाहून गेलं. पुन्हा भरली. पुन्हा धावला. पायजमा भिजला, चप्पल चिखलात रुतली. कुणी बघितलं असतं तर करमणूक झाली असती. टोक घट्ट बांधायला सुतळी हवी म्हणून तो मागच्या खोलीत शिरला.

सुतळी वल्ह्यांच्या मागे असेल म्हणून त्याने एक खोकं बाजूला ओढलं. शहरातून आलेलं खोकं, वर तिच्या अक्षरात "मोडकं" असं लिहिलेलं. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. त्याने एक पुडा उलगडला. बशी. दुसरा उलगडला. बशी. लग्नातल्या सेटच्या निळ्या काठाच्या बशा, सगळ्याच्या सगळ्या, एकीचाही कपचा उडालेला नाही, आणि तळाशी त्यांचे कप. बशा फुटल्या हो सगळ्या, असं ती म्हणाली होती. कधी? इथे येताना नाही. शहरातच. नोकरी सोडायच्या आधी, म्हणजे त्या मुलीने स्क्रू लावून दिला त्याच्याही आधी. मोरीत हातून सुटल्या, असं म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी ते जाड मग घेऊन आली. तो खोक्यावर बसला. मग बाकीचं आपोआप यायला लागलं, बोलावलं नव्हतं तरी. तिला जवळचं नीट दिसत नाही, चष्मा ती लावायची नाही, म्हणून सुईत दोरा ओवून द्यायचं काम लग्नापासून त्याचं होतं. ती सुई घेऊन यायची, तो जिभेने दोरा ओला करायचा, कितीदा तरी त्यावरून त्यांची थट्टा चालायची. किती महिन्यांत तिने सुई पुढे केली नव्हती? शिवणकामाचा कंटाळा येतो हल्ली, म्हणाली होती. बटणांचे शर्ट जाऊन कपाटात गळ्यातून घालायचे कसे आले? बँकेत सही करायला गेले तेव्हा ती त्याच्या आणि कारकुनाच्या मध्ये का उभी राहिली? त्याला राग आला. मग लाज वाटली. आणि मग फार एकटं वाटलं. इतके दिवस आपण हिच्यापासून लपलो होतो, आणि ही तिथेच उभी राहून आपल्याला लपायला जागा करून देत होती.

तो बाहेर आला तेव्हा ती आवारात होती. पदर खोचून, खड्ड्याच्या भिंतीकडच्या बाजूला, बापाच्या दगडाशेजारी, हातात नळीचं एक टोक. "मी धरते," ती म्हणाली. "तुम्ही तिकडे जा." तो सुतळी न आणताच आला होता हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. तो पलीकडे गेला. त्याने दुसरं टोक उचलून खुंटीशी धरलं. नळीतलं पाणी वर चढलं, खाली उतरलं, पुन्हा वर. "थांबू दे," तो म्हणाला. दोघं थांबली. वारा पडलेला होता. समुद्र भिंतीपलीकडे कुठेतरी लांब ओहोटीत गेला होता. पाणी थांबेना. बारीक, एकसारखं, जागच्या जागी हलत राहिलं.

"स्थिर धर ना जरा," तो म्हणाला.

"मी धरलंय."

"मग?"

ती आपल्या टोकाकडे बघत होती. "माझ्याकडचंही हलतंय," ती म्हणाली. "तुमच्याकडचं हललं की माझ्याकडचं हलतं. एकच पाणी आहे ते."

त्याने आपल्या टोकाकडे पाहिलं. मग तीच बोलायला लागली, त्याच्याकडे न बघता, नळीतल्या पाण्याकडे बघत. "बाबांचे डोळे गेले होते ना, ते आधी मला कळलं. घरात वाटी शोधताना ते हात असा जमिनीवरून फिरवायचे. कुणाला बोलले नाहीत. भर दुपारी होडी धक्क्याच्या दगडावर घातली त्यांनी. दादा होता होडीत. वाचला, पण मी घाबरले. मी बंदरावर जाऊन सगळ्यांसमोर सांगितलं, माझ्या बापाला दिसत नाही, त्यांना होडी देऊ नका. सोळा वर्षांची होते मी. संध्याकाळी ते या दगडावर येऊन बसले, समुद्राकडे पाठ करून. मेले तोपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. लग्नातसुद्धा नाही." तिने नाक पदराला पुसलं, नळी हातातून न सोडता. "चूक काय केली मी? काही नाही केली. तरी या वेळी ठरवलं होतं, आपण तोंड उघडायचं नाही. तुम्ही सांगाल तेव्हा सांगाल. बशा फुटल्या म्हणून सांगितलं, गप्प बसले. पण तुम्ही खणतच सुटलात हो! किती खाली जाणार होतात?"

तो खड्ड्यात गुडघाभर उभा होता. एवढी सगळी माती त्याने उपसली होती ती तिच्या मागे ढिगाने पडली होती. त्याला वाटलं, आता नाही म्हणता येणार नाही, आणि हो म्हणायची गरजही उरलेली नाही; तिला सगळं माहीत आहे. पण म्हणायला तर हवंच होतं. ते दुसऱ्या कुणी म्हणून चाललं नसतं. बंदरावरच्या त्या पोरीने म्हटलं होतं आणि जन्मभर भोगलं होतं.

"माझा हात थरथरतो," तो म्हणाला. आवाज फाटला म्हणून त्याने पुन्हा म्हटलं. "उजवा. बरेच दिवस झाले. मला भीती वाटते."

"हो," ती म्हणाली. वडिलांच्या डोळ्यांबद्दल म्हटलं होतं तसंच. मग म्हणाली, "नळी खुंटीला टेकवा. दोन्ही हातांनी धरा. अंग सैल सोडा. घाई नाहीये."

त्याने तसं केलं. पाणी हललं, मग कमी हललं, मग केव्हातरी थांबलं. तिने तिच्या बाजूला भिंतीवर कोळशाने रेघ मारली, त्याने पेन्सिलीने खुंटीवर. त्याची रेघ सरळ आली नाही, नागमोडी आली, पण आली ती पाण्याच्या उंचीवर आली. दोन रेघांमध्ये त्यांनी दोरी ताणली. पाण्याइतक्या सरळ त्या दोरीखाली तो खड्डा पाहिल्यावर दोघांनाही एकदमच कळलं की एवढं खणायची काही गरज नव्हती. पहिल्या दिवशी खुंट्या होत्या तिथेच चौथरा बसला असता. तिला हसू फुटलं. "अहो, ही सगळी माती आता परत भरायची!"

"सुताराला बोलाव," तो म्हणाला. "गवंड्यालाही बोलाव. आणि डॉक्टरची वेळ घे. तू ये बरोबर."

दगडावरची माती त्याने हाताने झाडली आणि त्यावर बसला. कुठे बसलो हे बसल्यावर त्याच्या ध्यानात आलं. ती बघत होती. तो उठला नाही, फक्त वळून बसला, समुद्राकडे तोंड करून. मग म्हणाला, "चहा कर. बशीतून दे." ती आत गेली. आत खोक्यातले कागद वाजले, पाणी वाजलं. थोड्या वेळाने ती निळ्या काठाची कपबशी घेऊन आली आणि त्याच्या हातात दिली. कप बशीवर वाजायला लागला. थोडा चहा सांडला, बशीत साठला. त्याने कप बशीवरून उचलला नाही, दुसरा हात आधाराला लावला नाही. ती त्याच्या शेजारी दगडावर बसली आणि तो बारीक आवाज दोघांनी पहिल्यांदाच एकत्र ऐकला.